खेळणं थोरल्याचं, तोंड धाकट्याचं

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

दर डिसेंबरात तुमच्या पेपरात, म्हणजे तशी सगळ्याच पेपरांत, नाताळच्या गिफ्टची एक यादी येते. इतक्या ते इतक्या वर्षांच्या मुलांना हे द्या, त्याच्यापुढच्यांना ते द्या, चौकोन पाडून छान रंगीत छापलेली असते. मी ती कापूनही ठेवते. पण या याद्या लिहिणाऱ्यांच्या घरात एकेकच मूल असणार असा मला दाट संशय आहे, कारण आमच्याकडे नाताळच्या दिवशी सहा नातवंडं जमतात, थोरली 15 ची, मग 12, 8, 6, 3 आणि यंदा एक 10 महिन्यांचं, आणि ही सहा जणं तुमच्या सहा चौकोनांत बसत नाहीत हो, सगळी एकाच चटईवर बसतात.

मी वसईची. 22 वर्षं बालवाडीत शिकवलंय, त्यामुळे मुलं काय काय तोंडात घालतात ते मला कुणी सांगायची गरज नाही असं मला गेल्या वर्षीपर्यंत वाटायचं.

आमच्या लहानपणी हा गिफ्टचा प्रश्नच नव्हता. नाताळला एक नवा फ्रॉक मिळायचा, तोही वाढत्या अंगाचा, पहिल्या वर्षी घोट्यापर्यंत आणि तिसऱ्या वर्षी गुडघ्याच्या वर. चर्चमधली मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली की आजी हातावर सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, पुडी ठेवायची. संपलं. नाताळबाबा आम्हाला फक्त कार्डावर माहीत. आता मात्र त्याची पोतडी आम्हालाच भरावी लागते आणि सहा जणांचं काय घ्यायचं याचं टेन्शन मला आगमनकाळ (नाताळच्या आधीचे चार आठवडे) सुरू झाल्यापासूनच येतं. तसं बघायला गेलं तर बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्या तीन राजांनी तरी कुठे वय बघितलं होतं, सोनं, ऊद आणि गंधरस, तेही तान्ह्या बाळाला! बरोबर एखादी आई असती तर तिने दुपटी न्यायला लावली असती.

तर गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. आता 12 ची आहे ती नात तेव्हा 11 ची, तिला मी एक म्युझिकल कार्ड दिलं होतं, उघडलं की जिंगल बेल वाजतं ना, तसलं. त्यात ठेवलेले 500 रुपये हे खरं गिफ्ट, कार्ड आपलं वरचं. तिने पैसे काढून घेतले, कार्ड चार वेळा वाजवलं आणि टाकलं चटईवर. आता जो 3 चा आहे तो तेव्हा 2 चा, त्याला गाणं आतून कुठून येतंय ते बघायचं होतं, त्याने कार्डाचा मागचा कागद नखाने सोलून काढला, आणि मी किचनमधून फुगे तळून बाहेर आले (फुगे म्हणजे आमच्याकडचे खायचे, फुगवायचे नव्हे) तर साहेबांच्या चिमटीत तो चपटा चकचकीत बटण सेल आणि चिमूट तोंडाकडे चाललेली. मी झारा टाकून धावले. सेल मिळाला, काही झालं नाही, देवाची कृपा. पण माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते आणि पुढचे फुगे सुनेने तळले.

मग आमच्या ओळखीच्या मुलांच्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा कळलं की हे प्रकरण मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी वाईट आहे. मला वाटायचं सेल गिळला तर फार तर शीतून बाहेर पडेल, नाणं पडतं तसा. तसं नाहीये. ज्या सेलवर सीआर 2032 लिहिलेलं असतं तो 20 मिलिमीटर रुंद आणि 3.2 मिलिमीटर जाड, त्या आकड्याचा अर्थच तो, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, आणि लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो. अडकला की आतल्या ओल्या भागाला टेकून करंट सुरू होतो आणि तिथल्या तिथे कॉस्टिक सोड्यासारखं जहाल द्रव्य तयार होतं. सेल फुटावाच लागतो असं नाही. दोन तासांत आत भाजू शकतं, आणि टॉर्च पेटवायला निकामी झालेला, आपण 'संपला' म्हणून टेबलावर काढून ठेवलेला सेलही भाजायला पुरतो. तेव्हा गिळल्याचा नुसता संशय आला तरी घरी थांबायचं नाही, मिठाचं पाणी पाजून उलटी करायला लावायची नाही, सरळ एक्सरेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं.

आणि मग मी घरात शोधायला लागले तर हे सेल कुठे कुठे निघाले! येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासमोर ठेवलेल्या त्या प्लास्टिकच्या लुकलुकणाऱ्या मेणबत्त्यांत. नाताळच्या झाडावरच्या चांदणीत. 6 वर्षांच्या नातवाच्या लाइटवाल्या भोवऱ्यात, जो आमच्याच स्टेशनबाहेर 40 रुपयांना घेतला होता आणि ज्याच्या पोटावरचं झाकण नखाने निघत होतं.

म्हणून म्हणते, तुमच्या यादीतला 'वयोगट' हा शब्द मला पटत नाही. ज्या घरात वेगवेगळ्या वयाची मुलं आहेत तिथे गिफ्ट ज्याला द्यायचं त्याची आवड बघायची हे खरं, पण बघताना डोळ्यासमोर आणायचं ते घरातलं सगळ्यांत धाकटं. मोठ्याचं खेळणं सगळ्यांत आधी धाकट्याच्या तोंडात जातं. थोरल्या नातीचे मण्यांचे ब्रेसलेट किट, 12 च्या पोरीला आवडणारे ते छोटे छोटे लोहचुंबकाचे गोळे (हे तर दोन गिळले की आतड्याच्या दोन वळणांतून एकमेकांना ओढून धरतात, मला तर ऐकूनच कसंतरी झालं), फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा, सगळं चटईवरच असतं ना.

आता त्या डब्यावरच्या आकड्याबद्दल. 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही' असं लिहिलेलं असतं आणि बाळाच्या तोंडावर आडवी रेघ मारलेलं चित्र असतं, ते बघून आमचा मुलगा काय म्हणाला माहितीये, "आई, आपला बारक्या खूप हुशार आहे, त्याला येईल." अरे बाबा, तो आकडा हुशारीचा नाहीये! आपल्याकडे दोन वर्षांचं पोर मोबाइल अनलॉक करतं म्हणून त्याचा गळा काही पाच वर्षांचा होत नाही. खेळणी तपासताना साधारण सव्वा इंच रुंदीची, 31.7 मिलिमीटरची एक नळी असते, लहान मुलाच्या घशाच्या अंदाजाने केलेली, तिच्यात जे पूर्ण मावेल तो तीन वर्षांखालच्यांना धोका. इतकं साधं आहे ते. वरचे आकडे, म्हणजे 6 प्लस, 8 प्लस, ते पत्ते-सापशिडीसारख्या खेळांत थोडेफार पुढेमागे झाले तर बिघडत नाही, पण 3 चा आकडा मात्र जिवाचा आहे.

दुसरं म्हणजे आयएसआय मार्क. 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर तो सक्तीचा आहे, मानकाचा नंबर साध्या खेळण्यांना आयएस 9873 आणि विजेच्या किंवा बॅटरीच्या खेळण्यांना आयएस 15644. शिक्क्याखाली सीएम/एल असा लायसन्स नंबर असतो, हा शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये तो टाकला की खरा का खोटा कळतं. माझ्या 15 च्या नातीने मला दुकानात उभ्या उभ्या करून दाखवलं आणि दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. रजिस्टर केलेल्या हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, तेव्हा सावंतवाडीची लाकडी फळं किंवा चन्नपट्टणची लाखेची खेळणी यांच्यावर शिक्का नसला म्हणून नाक मुरडू नका, पण तिथेही छोटं फळ 3 वर्षांखालच्या हातात नको. आणि म्युझिकल कार्ड म्हणजे खेळणं नव्हेच, त्यामुळे त्याच्यावर शिक्का शोधायचा प्रश्नच येत नाही. माझी चूक तिथेच झाली. खेळणी मी तपासून घेतली होती, कार्डाकडे कोण बघतं.

आता यंदाचं. 10 महिन्यांच्या बाळासाठी त्याच्या आजोबांनी, म्हणजे आमच्या व्याह्यांनी, वॉकर आणायचं ठरवलं होतं. प्रेमाने. मी अडवलं, म्हणून थोडी नाराजी झाली. त्यात माझा भाचा कॅनडात असतो तो फोनवर म्हणाला की तिकडे बेबी वॉकर विकायलाच 2004 पासून बंदी आहे, पोरं जिन्यावरून घरंगळतात म्हणून, आणि चालायला त्याने लवकर येतं असंही काही नाही. तेव्हा व्याह्यांची नाराजी थोडी कमी झाली, फॉरेनचं सांगितलं की पटतं! शेवटी त्यांनी स्टीलच्या एकात एक बसणाऱ्या वाट्या आणल्या. बाळ गिफ्टपेक्षा वरच्या कागदात जास्त रमणार हे मी आत्ताच लिहून देते.

8 वर्षांच्या नातवाला सायकल हवीय. सूनबाई म्हणाली 24 इंची घेऊ, चार वर्षं पुरेल. हा आमचा वाढत्या अंगाचा फ्रॉक! फ्रॉक मोठा झाला तर कंबरेला दोरी बांधता येते, सायकल मोठी झाली तर पोर तोंडावर पडतं आणि मग ती सायकल चार वर्षं जिन्याखाली पुरते. सीटवर बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. आम्ही त्याला दुकानात नेऊन बसवलं, 20 इंची ठरली. सरप्राइज गेलं, जाऊ दे.

बालवाडीत असताना एक गंमत माझ्या लक्षात आली होती ती सांगते, कारण ती कुठल्या यादीत वाचली नाहीये. साधारण सहा-सात वर्षांपर्यंतची मुलं पुडकी मोजतात. त्याला दोन, मला एक, झालं, भोंगा सुरू. ते एक पुडकं चार हजाराचं का असेना. त्यानंतर केव्हातरी एक दिवस ती पुडकी मोजायचं सोडतात आणि किंमत मोजायला लागतात, आणि ते मात्र गुपचूप, मनातल्या मनात, वर्षानुवर्षं. म्हणून मी लहानग्यांना पुडक्यांची संख्या सारखी ठेवते, म्हणजे 3 च्या बारक्याला एक भातुकलीचा सेट असला तरी तो दोन पुडक्यांत बांधते, (हो, मुलग्याला भातुकली, त्याने मागितली म्हणून) आणि मोठ्यांच्या बाबतीत आपापसात पैसे सारखे पडतील एवढं बघते. सायकल आली की हे गणित कोलमडतं, मग सायकलवाल्याला स्पष्ट सांगायचं की बाबा हे नाताळ आणि वाढदिवस दोन्हीचं मिळून आहे. त्याच्या तोंडावर आणि बाकीच्यांच्या समोर सांगायचं.

आणि सगळं 25 तारखेलाच द्यायचं असं कुणी सांगितलंय? धाकट्यांना एका सकाळी चार गिफ्ट मिळाली की त्यातल्या तीन गिफ्टांकडे ती ढुंकून बघत नाहीत. मी एकेक पुडकं 6 जानेवारीला, तीन राजांच्या सणाला देते. तोपर्यंत घरातलं झाड सुकायला लागलेलं असतं आणि शाळा सुरू झालेल्या असतात, त्या दिवशी मिळालेला साधा 60 रुपयांचा पिवळा चेंडूसुद्धा नाताळच्या गाडीपेक्षा जास्त चालतो.

12 ची आहे ती सध्या अवघड जागी आहे. नाताळबाबा कोण ते तिला माहीत झालंय पण धाकट्यांसमोर ती सांगत नाही, आणि स्वतःसाठी मोबाइल मागते. मोबाइल मिळणार नाहीये. मी तिला यंदा पुडकी बांधायच्या कामावर घेतलंय, रात्री दार लावून आम्ही दोघी बांधतो आणि बॅटरीच्या प्रत्येक खेळण्याचं झाकण स्क्रूने बंद आहे का ते तीच तपासते. दोन परत पाठवली तिने. एवढी खूश मी तिला कुठलं गिफ्ट देऊन बघितली नव्हती, तरीपण तिला एक ड्रॉइंगचा चांगला सेट घेतलाय, नाहीतर म्हणेल आजीने कामावरच भागवलं.

संपादक साहेब, यादी छापा, माझी काही हरकत नाही. फक्त तिच्या खाली दोन ओळी त्या बटण सेलबद्दल टाका, जमलं तर 25 तारखेच्या आधी. आणि 15 वर्षांच्या मुलीला काय द्यायचं ते तुमच्या कुठल्या वाचकाला माहीत असेल तर तेही छापा, कारण मी विचारलं तर ती मान वर न करता "काहीपण" म्हणते आणि काहीपण आणलं तर ते तिला आवडत नाही.

आपली,
सहा नातवंडांची एक आजी, वसई