शनिवारची लेक मीड सहल : सभासदांसाठी सूचना

सकाळी सातला बोल्डर बीचवर जमायचे आहे. दहानंतर नेवाडाचे ऊन कोणाचीही गय करत नाही. प्रवेश शुल्क प्रत्येक गाडीमागे २५ डॉलर, सात दिवस चालते. तेव्हा शक्यतो एकाच गाडीत या. कार्ड जवळ ठेवा, रोख घेत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वारा. तो अचानक सुटतो आणि हवा भरलेल्या ट्यूब बघता बघता आत खोल पाण्यात नेतो. त्या घरीच ठेवा. पोहता येणाऱ्यांनीही लाइफ जॅकेट घालावे, इथे वाद नको.

माणशी चार लिटर पाणी आणा. चहाची सोय आहे, पण तहान चहाने भागत नाही! काचेच्या बाटल्या आणू नयेत. हूवर धरण परतताना पाहू.