निळ्या टोपणाची नळी

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये पंचवटीतल्या आमच्या घरी पीपीई किट घालून रक्त न्यायला यायचात, एवढी ओळख पुरे.

बाबांच्या कोविडचा दहावा दिवस. ताप उतरलेला, ऑक्सिजन ९५, आणि आम्ही सगळे एकाच आकड्याच्या मागे: डी-डायमर, रक्तात गुठळीचा माग देणारी तपासणी. आधीच्या लॅबमध्ये ४२०, तीन दिवसांनी तुमच्याकडे ८६०. दुप्पट झाला म्हणून आईने देव पाण्यात ठेवले. रात्री साडेदहाला मी तुम्हाला फोन केला, आता लाज वाटते. तुम्ही एवढंच विचारलंत, "आकड्यापुढे काय लिहिलंय?" एकावर डीडीयू, दुसऱ्यावर एफईयू: एकाच गोष्टीची दोन वेगळी एककं. एफईयूमध्ये तेच माप साधारण दुप्पट दिसतं. तिकडे मर्यादा अडीचशेच्या आसपास, इकडे ५००. बाबांचं डी-डायमर वाढलेलं होतंच, पण होतं तिथेच होतं. आई त्या रात्री जेवली.

पुढच्या खेपेला निळ्या टोपणाची नळी रेघेपर्यंत भरली नाही म्हणून तुम्ही बाबांना पुन्हा टोचलंत, तेव्हा मी कुरकुरले होते. आतल्या सायट्रेटला नऊपट रक्त लागतं, कमी पडलं तर गोठण्याच्या तपासण्या चुकतात, हे तुम्ही न चिडता सांगितलंत.

पण खरे आभार त्या पायाचे. डी-डायमर म्हणजे गुठळी विरघळताना पडणारा चुरा. गुठळी कुठे आहे ते तो सांगत नाही, आणि नुसत्या इन्फेक्शननेही वाढतो, असं सांगता सांगता तुमची नजर बाबांच्या डाव्या पोटरीकडे गेली. व्हिडिओ कॉलवरच्या डॉक्टरांनी "झोपून झोपून दुखत असेल" म्हणून ती सोडून दिली होती. तुम्ही म्हणालात, "मी डॉक्टर नाही, पण हा पाय आजच दाखवा." डॉपलर सोनोग्राफीत गुठळी निघाली. मग पोटात इंजेक्शनं, नंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या.

आत्यालाही बाळंतपणानंतर अशीच गुठळी झाली होती. ते ऐकून पुढे डॉक्टरांनी बाबांची जनुकीय तपासणी लिहून दिली. रक्त गोठणं आवरणाऱ्या प्रोटीन सी आणि प्रोटीन एस यांच्या तपासण्या आजार आणि औषधं चालू असताना फसवतात. जनुक मात्र बदलत नाही, म्हणून यावेळी ती तपासायला जांभळ्या टोपणाची नळी. निघालं फॅक्टर फाइव्ह लायडन, म्हणजे फॅक्टर फाइव्ह या गोठण्याच्या घटकाच्या जनुकातला बदल, दोनपैकी एकाच प्रतीत. १९९४ मध्ये सापडलेला, नेदरलँड्समधल्या लायडन शहराचं नाव मिळालेला हा बदल युरोपात बऱ्यापैकी आढळतो, आपल्याकडे कमी. गोठण्याचा हा घटक वेळेवर कापून बंद करायचं काम प्रोटीन सीचं. बदललेला घटक प्रोटीन सीला नीट कापता येत नाही. कोविडने रक्त आधीच चिकट केलेलं, त्यात ही भर.

आम्हा भावंडांत तो येण्याची शक्यता निम्मी. माझा रिपोर्ट निर्मळ आला. काही त्रास नसताना तपासायलाच हवं असं नाही, असं डॉक्टर म्हणाले, पण सातपूरला कंपनीत जाणारा दादा ऐकत नाही. सुईला मात्र जाम घाबरतो. रविवारी सकाळी याल का? त्याला सांगून ठेवलंय, या ताई एकदाच टोचतात. नळी भरली तर.

तुमची,
पंचवटीतली कुरकुरणारी मुलगी