आईचं नाव घातलंय

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर माझ्या बायपोलरचा, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खचतं त्या आजाराचा, विषय काढला की आई रडते आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहितेय. सोबत एक कागद आहे. तो आधी बाजूला ठेवा.

परवा बाबांनी पुन्हा विचारलं, "इतकी वर्षं सगळं ठीक आहे, तर गोळ्या थोड्या कमी केल्या तर?" बाबा, तो प्रयोग मी करून बसलेय. उपचारांच्या दुसऱ्या वर्षी कुणाला न सांगता लिथियमची गोळी बंद केली, आणि काही महिन्यांत आईच्या पाटल्या गहाण पडल्या. केक शॉप काढायचं होतं मला, आठवतंय ना? अंडं फेटता येत नव्हतं. पाटल्या सोडवायला तीन वर्षं लागली.

पण खरी सुरुवात त्याआधीची, भांड्यांच्या रात्रीची. रात्री तीनला माळ्यावरची सगळी पितळी भांडी उतरवून मी चिंचेने घासत बसले होते, आजीच्या बंबासकट. सकाळी ती रांग चकाकताना बघून बाबा खूश, "पोरगी कामाला लागली!" चार रात्रींत मिळून मी सहा-सात तास झोपले असेन, आणि थकवा म्हणून नव्हता. आई तेवढी रात्री दारात येऊन म्हणाली होती, "हात बघ किती लाल झालेत. झोप गं आता." आजाराचं नाव कळायला पुढे दोन महिने गेले. (नातेवाइकांत तो अजूनही टायफॉइडच आहे, असो.)

आता झोप माझी मी सांभाळते. बँकेत मॅनेजर मॅडमना स्वतःहून सांगितलं, तेव्हा त्या जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "बरं, मग करायचं काय?" मी म्हटलं, रात्री आठनंतर थांबवू नका, सकाळी आठला हजर असेन. मार्च एंडिंगलासुद्धा. ३० मार्चला जागतिक बायपोलर दिन असतो, चित्रकार व्हॅन गॉगचा वाढदिवस म्हणून. तारीख ठरवताना बँकवाल्यांना कुणी विचारलेलं दिसत नाही! पण यंदा ३१ला माझ्या टेबलावर एकही फाईल पेंडिंग नव्हती. फुशारकी मारतेय, मारू दे. रोज सात तास झोपून केलंय ते. गणपतीत मी मोठ्याने हसले की तुम्ही दोघं एकमेकांकडे बघता, ते मला दिसतं. कधीकधी विनोदच चांगला असतो हो.

आई, स्वयंपाकघरातलं एक. बाबांच्या बीपीमुळे तू मीठ कमी केलंस ते बरोबरच, पण मी आले की माझ्या ताटात नेहमीएवढं वाढ. मीठ एकदम कमी झालं किंवा अंगातलं पाणी कमी झालं, की लिथियम रक्तात साचतं. म्हणून माझी निर्जळी एकादशी बंद. पांडुरंगाचं माझं बोलणं झालंय. आणि तुझ्या गुडघ्याची पेनकिलर माझ्या कंबरेला देऊ नकोस, तसल्या बऱ्याच गोळ्यांनीही तेच होतं. मधूनमधून मी तपासणीला रक्त देते, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. थायरॉईड आणि किडनीही बघतात. डॉक्टर माझी लिथियमची पातळी ०.६ ते ०.८ मध्ये ठेवतात. या वेळी ०.७ आली.

आता तो कागद घ्या. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे, आपण चांगले असतानाच लिहून ठेवता येतं की पुन्हा बिघडलं तर कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि आपल्या वतीने कुणी बघायचं. तिथे मी आईचं नाव घातलंय.

बाबा, रागावू नका. पुढच्या वेळी भांडी चकाकली तर तुम्ही परत खूश व्हाल, मला माहितीये. तुम्ही विम्याचं बघा. त्याच कायद्याने मानसिक आजारालाही इतर आजारांसारखाच विमा द्यावा लागतो, आणि पत्रावर पत्र पाठवून कंपनीला जेरीस आणणं तुमच्याइतकं कुणाला जमणार?

आई, सही करण्याआधी नीट वाच, घाई नाही. आणि रोज रात्री फोनवर "गोळी घेतलीस का" विचारतेस ना, त्याऐवजी सकाळी फोन कर आणि विचार, "काल किती झोपलीस?"

तुमची,
चिमी

ता. क. बंब विकू नका. मला हवाय.