तक्रारी कमी म्हणजे ग्राहक सुखी?

महोदय,

देशोदेशींच्या ग्राहकसंरक्षणाची तुलना करणारा कालचा लेख वाचला. विषय घेतलात याचा आनंद आहे, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही. जिथे दरडोई तक्रारी कमी तिथली बाजारपेठ ग्राहकाला चांगली वागवते, हे गणित मुळातच चुकीचे आहे. तक्रार कुठे करायची हे ठाऊक नसेल, केली तरी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागत असतील, तर माणूस मुकाट्याने नुकसान सोसतो. त्याची नोंद कुठे होणार?

माझेच सांगते. वॉशिंग मशीन वॉरंटीत असतानाच बिघडले. पाणी भरायचे, पण ड्रम जागचा हलायचा नाही. तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. मेकॅनिक आलाच नाही, मोबाइलवर संदेश मात्र आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ खाली सेवेला गुण देण्याची विनंती आणि प्रश्न एकच, आमचा प्रतिनिधी सौजन्याने बोलला का? मशीन सुरू झाले का, हे कुणी विचारलेच नाही. फोन केला तर म्हणे जुनी तक्रार बंद झाली, नवीन नोंदवा. तिचेही तेच झाले. अखेर पदरचे पैसे घालून बाहेरून दुरुस्ती करून घेतली, तर आता वॉरंटी रद्द झाल्याचे मलाच सुनावण्यात आले! कंपनीच्या दफ्तरी माझे प्रकरण ‘निकाली’ आहे. असले आकडे गोळा करून देशाचा क्रमांक लावला, तर मी समाधानी ग्राहकांत मोजली जाईन. मी समाधानी नाही, मला फसवले गेले आहे.

युरोपीय आयोगाने २००८ पासून ग्राहक बाजारपेठांची गुणपत्रके काढली, ती नुसत्या तक्रारींवर विसंबून नव्हे. पुढे तर ग्राहकांनाच एकेका बाजाराबद्दल विचारले जाऊ लागले. वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या मालाची तुलना सहज करता येते का? विक्रेते नियम पाळतात असा भरवसा वाटतो का? अडचण आली का, आणि आली तर तक्रार केलीत का? म्हणजे गप्प बसलेला ग्राहकही हिशेबात आला. जुन्या मोटारींचा बाजार या पाहण्यांत वारंवार तळाशी दिसला, तो असे विचारल्यामुळेच. अर्थात ज्याची अपेक्षाच कमी तो लवकर समाधानी होतो, तेव्हा दोन देशांचे गुण शेजारी मांडताना जपूनच राहायला हवे.

ग्राहकसंरक्षणाविषयीची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वे १९८५ची, २०१५ मध्ये सुधारलेली. तक्रारनिवारण जलद, न्याय्य आणि कमी खर्चाचे असावे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. मग मोजायचे तर हेच मोजा ना! वस्तू बदलून किंवा पैसे परत मिळेपर्यंत किती दिवस गेले, किती खर्च झाला, आणि किती जणांनी मध्येच नाद सोडला. कायद्याच्या पुस्तकात हक्क सगळीकडेच असतात.

आणखी एक. लेखासोबतच्या तक्त्यात कुठल्या देशाची आकडेवारी कोणत्या वर्षाची हे दिलेले नाही, आकडे आले कुठून तेही नाही, आणि अक्षर इतके बारीक की भिंगाशिवाय वाचता येईना. तो तक्ता स्रोतासह, वाचता येईल अशा आकारात पुन्हा छापावा, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक