दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया सुरू करणाऱ्या मित्रास

सांगली,
रविवार

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. उदगीरच्या तुझ्या रुग्णालयात लॅपरोस्कोपीचा संच आला आणि पुढच्या महिन्यापासून तू पित्ताशयाच्या शस्त्रक्रिया दुर्बिणीने करणार, हे वाचून आनंद झाला. प्रशिक्षण झाले असले तरी नेमके काय सांभाळावे, असे तू विचारले आहेस. म्हणून हे पत्र थोडे लांबणार आहे.

पोट उघडून करायच्या शस्त्रक्रियेत तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, आणि म्हणूनच हे आधी लिहितो की या तंत्रात हातापेक्षा डोळा अधिक फसतो. अमेरिकेतील सर्जन लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्तनलिकेला झालेल्या २५२ इजांचे विश्लेषण २००३ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात ९७ टक्के प्रकरणांत मूळ कारण दृष्टिभ्रम हे निघाले. मुख्य पित्तनलिकाच पित्ताशयाची नलिका म्हणून दिसली, तशीच ती कापली गेली, आणि बहुतेकांना त्या क्षणी शंकादेखील आली नाही. पडद्यावरचे चित्र मोठे आणि स्वच्छ असते, त्यामुळे आपल्याला सगळे दिसते आहे असा विश्वास वाटतो. परंतु खोली कळत नाही आणि बोटांना होणारा स्पर्श तर गेलेलाच असतो.

या फसगतीवर सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये सांगितलेला उपाय मी आजही अक्षरशः पाळतो. कॅलोच्या त्रिकोणातील, म्हणजे पित्ताशयाची नलिका, मुख्य नलिका आणि यकृत यांमधल्या जागेतील, चरबी आणि तंतू पूर्ण साफ झाले पाहिजेत, पित्ताशयाचा खालचा एक-तृतीयांश भाग यकृतापासून सुटला पाहिजे, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच रचना, म्हणजे एक नलिका व एक धमनी, उरलेल्या दिसल्या पाहिजेत. या तिन्ही गोष्टी पुढून आणि मागून दिसल्याखेरीज नलिका व धमनी बंद करणारी क्लिप हातात घ्यायची नाही. मुख्य पित्तनलिका शोधून उघडी करण्याची गरज नसते. तो मोह टाळ. ओढण्याच्या दिशेकडे मात्र फार लक्ष दे. पित्ताशयाचे टोक रुग्णाच्या उजव्या खांद्याकडे वर, आणि हार्टमनचा फुगवटा, म्हणजे पित्ताशयाच्या मानेजवळचा फुगीर भाग, बाजूला व किंचित खाली ओढला की त्रिकोण उघडतो. दोन्ही वरच ओढले तर दोन्ही नलिका एका रेषेत येतात आणि वर सांगितलेला भ्रम तिथेच जन्मतो. यकृताच्या उजव्या बाजूला रूव्हिएरची खाच (यकृताच्या पृष्ठभागावरची नैसर्गिक खाच) दिसली, तर विच्छेदन तिच्या पातळीच्या वरच ठेव. क्लिप लावण्यापूर्वी काही क्षण हात थांबवून, काय दिसते आहे ते सहायकाला मोठ्याने सांगायला लाव. त्याने अडखळत उत्तर दिले तर आणखी विच्छेदन कर.

आणि तरीही चित्र जुळले नाही तर? तीव्र दाहात सगळे चिकटलेले असते, तेव्हा पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवून, खडे काढून बाहेर पडणे, किंवा सरळ पोट उघडणे, हे दोन्ही मार्ग सन्मानाचे आहेत. ‘टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी घरी’ अशा जाहिराती मला आवडत नाहीत, कारण त्या वाचून आलेल्या नातेवाईकांना पोट उघडणे म्हणजे अपयश वाटते आणि डॉक्टरच्या मनावरही त्याचा दाब येतो. संमतिपत्रात ही शक्यता मराठीत स्पष्ट लिही आणि आदल्या दिवशी तोंडी सांग. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये भारतात पित्ताशयाची दुर्बिणीची शस्त्रक्रिया प्रथम केली; त्यानंतर ती जगभर झाली तशीच आपल्याकडेही इतकी झपाट्याने पसरली की सुरुवातीच्या वर्षांत पित्तनलिकेच्या इजा उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा वाढल्या होत्या.

आता पोटात शिरण्याविषयी. मोठ्या रक्तवाहिन्यांच्या आणि आतड्याच्या गंभीर इजांपैकी बऱ्याचशा पहिली सुई किंवा पहिला ट्रोकार, म्हणजे हत्यारे आत नेणारी टोकदार नळी, घालतानाच होतात. पोटात वायू भरायची व्हेरेस सुई मुळात क्षयरोग्यांच्या छातीत हवा भरण्यासाठी बनली होती. तिचे बोथट, स्प्रिंगवरचे टोक उपयोगी असले तरी त्यावर विसंबू नये. सडपातळ रुग्णात बेंबीखालची महाधमनी त्वचेपासून थोड्याच अंतरावर असते. माझे मत विचारशील तर तू सरसकट हॅसनच्या १९७१ सालच्या उघड्या पद्धतीने, म्हणजे थर एकेक पाहत, आत जा. दोन-चार मिनिटे अधिक लागतील. पूर्वी बेंबीजवळ शस्त्रक्रिया झालेली असेल तर डाव्या बरगडीखाली पामरच्या जागेने शिरता येते. उरलेले सर्व ट्रोकार कॅमेऱ्याच्या नजरेखालीच घाल, आणि १० मिलिमीटरच्या छिद्राचा आतला पडदा शिवायला विसरू नकोस, नाहीतर हर्निया होतो.

पोट फुगवायच्या वायूबद्दल तुझ्या भूलतज्ज्ञांशी आधीच बोल. कार्बन डायऑक्साइड पेटत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो म्हणून तो वापरतात. पण तोच रक्तात साठला तर त्रास देतो. म्हणून कॅप्नोग्राफ, म्हणजे श्वासातला हा वायू मोजणारे यंत्र, चालू नसेल तर शस्त्रक्रिया सुरूच करू नये. वायू सावकाश सोड आणि दाब १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्यापलीकडे नेऊ नकोस. काम भागत असेल तर त्याहून कमी ठेव. पोट फुगताना नाडी एकदम मंदावली तर पहिले काम वायू सोडून देणे, औषध त्यानंतर.

मोनोपोलर कॉटरीच्या, म्हणजे विजेने ऊती जाळून कापणाऱ्या, उपकरणांचे विद्युतरोधक आवरण दर वेळी तपास. बारीक चीर पडलेली असेल तर कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर आतडे भाजते आणि तीन-चार दिवसांनी फुटते.

निर्जंतुकीकरणाकडे आपल्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये हत्यारे ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात वीस मिनिटे बुडवून नळाच्या पाण्याने धुतली, की क्षयाच्या जंतूंच्या जातकुळीतले जंतू छिद्रांत शिरतात. जखम बरी झाल्यासारखी दिसते आणि काही आठवड्यांनी तिथे गाठ येऊन पाझरू लागते, नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाही. सुटी होणारी हत्यारेच घे, सिस्टरांना ती पूर्ण सुटी करून ब्रशने धुवायला शिकव आणि ऑटोक्लेव्हमध्ये दाबाच्या वाफेने निर्जंतुक कर. दिवसाला दोनच रुग्ण झाले तरी चालेल.

शस्त्रक्रियेनंतर खांदा दुखणे नेहमीचे असते. परंतु दुसऱ्या दिवशी पोट अधिक दुखत असेल, नाडी जलद असेल, रुग्णाला जेवावेसे वाटत नसेल, तर पित्त गळत नाही ना आणि आतडे फुटले नाही ना, हे सिद्ध होईपर्यंत त्याला घरी सोडू नकोस. सोनोग्राफी लगेच कर. मोठी इजा आढळली तर स्वतः दुरुस्तीला न बसता पोटात नळी टाकून लातूर, सोलापूर किंवा पुण्याला अनुभवी केंद्राकडे पाठव.

पहिल्या यादीत तीव्र दाहाचे किंवा आधी पोटाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण घेऊ नकोस. तारीख ठरली की कळव, मी येतोच. तुझ्या संचाच्या यादीत शून्य अंशाचाच, म्हणजे फक्त सरळ समोर पाहणारा, टेलिस्कोप दिसतो. त्रिकोणाची मागची बाजू पाहायला तिरके पाहणारा ३० अंशांचा हवा, तो मी माझा घेऊन येईन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत