तलावात येणारे स्फुरद अडवण्यासाठी मदतीचे आवाहन

सर्व नागरिकांस सप्रेम नमस्कार.

तलावावर हिरवा थर पसरला की आमच्या समितीला एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे हा थर कधी काढणार? प्रश्न रास्त आहे आणि थर काढण्याचे काम आम्ही सोडलेले नाही. तथापि, यंदाचा निधी आम्ही त्यासाठी मागत नाही. शैवालाला पोसणारे द्रव्य नाल्यांवाटे येत राहिले, तर काढलेला थर काही आठवड्यांत पुन्हा धरतो. म्हणून आता नाल्यांच्या मुखाशी काम करण्याचे आम्ही ठरवले आहे.

हा थर कशाचा आहे अशी शंका असेल त्यांनी हातमोजे घालून काठाजवळचे पाणी काचेच्या बरणीत भरावे आणि न हलवता काही तास ठेवून पाहावे. हिरवे कण वर येऊन बरणीच्या तोंडाशी कडे धरू लागले, तर ते बहुधा नील-हरित शैवाल असते. नाव शैवालाचे असले तरी हे जीवाणू आहेत. त्यांच्या पेशींमध्ये वायूने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या आधाराने ते उजेडाकडे तरंगत येतात आणि तळाशी वाढणाऱ्या पाणवनस्पतींचा उजेड तोडतात.

त्यांना वाढायला कार्बन, नत्र आणि फॉस्फरस, म्हणजे शेतीच्या भाषेतले स्फुरद, ही तिन्ही लागतात. कार्बन हवेतून मिळतो आणि यांच्यातल्या काही जाती हवेतला नत्रही वापरू शकतात. स्फुरद मात्र बहुतांशी जमिनीवरूनच, सांडपाणी, खत, शेण आणि वाहून आलेल्या मातीबरोबर पाण्यात उतरते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात 1973 साली संशोधकांनी एक तलाव मधोमध पडदा लावून विभागला. एका भागात कार्बन आणि नत्र सोडले, दुसऱ्या भागात त्यांच्या जोडीला स्फुरदही सोडले. स्फुरदाचा भाग हिरवागार झाला आणि पडद्यापलीकडचे पाणी जवळजवळ पूर्वीसारखेच राहिले. अनेक तलावांत नत्रही आटोक्यात आणावा लागतो, हे आम्ही मान्य करतो. परंतु अनुकूल स्थितीत 1 किलो स्फुरदावर सुमारे 500 किलो ओले शैवाल वाढू शकते, हे लक्षात घेता सुरुवात कोठून करावी याविषयी आमच्या मनात संदेह नाही.

पहाटे तलावाकडे येणाऱ्यांनी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करताना पाहिले असतील. दिवसा शैवाल पाण्यात प्राणवायू सोडते, पण रात्रभर तेच शैवाल आणि कुजणाऱ्या शैवालावर जगणारे जीवाणू तो वापरून टाकतात, त्यामुळे उजाडण्याच्या सुमारास माशांना तो पुरत नाही. माणसांनाही धोका आहेच. अमेरिकेत ईरी सरोवरातून पाणी घेणाऱ्या टोलेडो शहरात ऑगस्ट 2014 मध्ये चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी न पिण्याची सूचना द्यावी लागली, कारण त्यात मायक्रोसिस्टिन हे यकृतावर परिणाम करणारे विष आढळले होते. हे विष पाणी उकळून नष्ट होत नाही. म्हणून हिरव्या थराजवळ लहान मुलांना आणि जनावरांना पाण्यात उतरू देऊ नये, ही आमची कळकळीची विनंती आहे.

थरावर मोरचूद फवारावे, अशी सूचना काही जणांनी सद्भावनेने केली आहे. आम्ही ती स्वीकारत नाही. मोरचुदाने पेशी फुटतात, त्यांतील विष एकदम पाण्यात मिसळते, मेलेले शैवाल तळाशी कुजते आणि त्यातले स्फुरद पुढच्या थराला मिळते. गाळातही जुने स्फुरद लोहाशी बांधलेले असते आणि तळाचा प्राणवायू संपला की तेच पुन्हा पाण्यात सुटते. त्यामुळे नाले सुधारल्यानंतरही फरक दिसायला काही वर्षे लागतील, हे आजच सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. सिअॅटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात सांडपाणी सोडणे 1963 ते 1968 या काळात टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले आणि पुढच्या काही वर्षांत तिथले पाणी पुन्हा नितळ झाले. तसे घडू शकते, या भरवशावर आम्ही उभे आहोत.

आपल्या देणगीतून प्रत्येक नाल्याच्या मुखाशी गाळ बसण्यासाठी लहान तळे खोदले जाईल, त्यापुढे पाणकणीस आणि लव्हाळ्यांचा पट्टा लावला जाईल आणि पाण्यातील एकूण स्फुरदाची प्रयोगशाळेत नियमित तपासणी होईल. ही झाडे वेळच्या वेळी कापून बाहेर न्यावी लागतात, नाहीतर त्यांनी शोषलेले स्फुरद कुजून परत पाण्यातच येते. या कामासाठी श्रमदान हवे आहे. दर पंधरवड्याला होडीतून काळी-पांढरी सेकी चकती पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते, याची नोंद ठेवणारे स्वयंसेवकही हवे आहेत. शेतकऱ्यांनी माती तपासूनच खत द्यावे, जोराचा पाऊस अपेक्षित असताना ते टाकू नये आणि काठालगत गवताची पट्टी न नांगरता राखावी. रहिवाशांनी मैलाटाक्या वेळेवर उपसून घ्याव्यात आणि फॉस्फेटविरहित धुण्याची पावडर वापरावी.

कोरड्या दिवसांत साचलेली घाण पहिल्या जोरदार पावसाबरोबर तलावात येते, म्हणून खोदाई त्याआधी पूर्ण व्हायला हवी. देणगीदारांनी आणि स्वयंसेवकांनी समितीकडे लवकर नावे नोंदवावीत. जमा झालेली रक्कम, झालेला खर्च आणि चकतीची प्रत्येक नोंद काठावरील फलकावर लिहिली जाईल.

आपली,
तलाव संवर्धन समिती