हद्दीबाहेर आधी घर की आधी ड्रेनेज?

संपादक साहेब, नमस्कार.

शहराच्या हद्दीबाहेरच्या प्लॉटिंगचा विषय निघाला की एक गट म्हणतो सगळं बंद करा, शेती वाचवा, आणि दुसरा म्हणतो अहो लोकांनी परवडणारं घर घ्यायचं कुठं मग? दोघांचंही पटतं, पण रस्ता, पाणी, ड्रेनेज आधी येणार की घरं आधी, हे कोणी विचारतच नाही.

हद्दीबाहेर जमीन स्वस्त, नियम ढिले आणि गावाच्या कारभाऱ्यांकडे प्लॅन तपासायला धड इंजिनिअर नसतो. मग एकजण शेत घेतो, तुकडे पाडतो, स्वतःच्या लेआउटपुरता रस्ता सोडतो, शेजारचाही तेच करतो आणि दोघांचे रस्ते एकमेकांना भेटतच नाहीत! शाळेला जागा कोणी सोडत नाही. प्रत्येकाचं बोअर आणि सेप्टिक टँक एकाच प्लॉटमध्ये, पुढचं काय सांगायचं. वस्ती अशी विखुरलेली की दर घरामागं पाइप लांब लागतो, बस रिकामी पळते म्हणून ती बंद होते, मग प्रत्येक घरात गाडी. काही वर्षांनी शहराची हद्द वाढते, हे सगळं शहराच्या गळ्यात पडतं आणि रुंदीकरणासाठी लोकांच्या भिंती पाडायची वेळ येते. तोवर प्लॉट विकणारा कधीच पुढच्या गावाला गेलेला असतो.

शहराभोवती 'यापुढे बांधकाम नाही' अशी नुसती रेघ मारून भागत नाही. लंडनभोवती हरित पट्ट्यासाठी १९३८ मध्ये कायदा झाला, शेतं बरीच वाचली, पण नोकऱ्या शहरातच वाढत राहिल्या, त्यामुळे लोक पट्ट्यापलीकडच्या गावांत राहायला गेले आणि रोज तो पट्टा ओलांडून कामाला यायला लागले. अमेरिकेत ओरेगॉन राज्याने १९७३ मध्ये कायदा केला, त्यानुसार पोर्टलंडची वाढीची सीमा १९७९ मध्ये ठरली. त्यातली मला आवडलेली अट म्हणजे सीमेच्या आत पुढच्या २० वर्षांच्या घरांना पुरेल एवढी जमीन ठेवायची आणि ठराविक काळाने हिशोब परत तपासायचा. तरी नदीपलीकडे वॉशिंग्टन हे दुसरं राज्य, तिथं ही सीमा लागू नाही, तिकडचं व्हँकुव्हर (कॅनडातलं नव्हे) वाढलंच.

आणि रेघ पुसण्यात किती पैसा असतो ते कॅनडात दिसलं. ऑन्टारिओ सरकारने २०२२ मध्ये तिथल्या हरित पट्ट्यातून सुमारे ७,४०० एकर जमीन बाहेर काढली, दुसऱ्या वर्षी महालेखापरीक्षकांनी सांगितलं की निवड काही ठराविक बिल्डरांच्या सोयीची होती आणि मालकांचा फायदा ८.३ अब्ज डॉलरच्या वर जाऊ शकतो. बोंबाबोंब झाल्यावर निर्णय मागे घेतला. नुसता झोन बदलून एवढी किंमत वाढत असेल तर त्यातून पाइपचा खर्च का निघू नये?

यावर जुना उपाय आहे, जमिनी एकत्र करून नव्याने वाटून घ्यायचा. जर्मनीत फ्रँकफर्टसाठी १९०२ मध्ये कायदा झाला, जपानमध्ये तर कितीतरी शहरांचे भाग याच पद्धतीने वसवलेत. सगळे मालक जमिनी एकत्र करतात, त्यातून रस्ते, बागा सोडायच्या, काही प्लॉट विकून खर्च भागवायचा आणि उरलेली जमीन ज्याची त्याला परत, थोडी लहान पण सरळ आकाराची आणि जास्त भावाची. वेळ खूप जातो, दोनचार मालक अडून बसतात, आणि जमीन नसलेल्या शेतमजुराच्या हातात काहीच पडत नाही, ती सोय वेगळी करावी लागेल. पण शहराला नंतर घरं पाडत बसावं लागत नाही.

निदान एवढं तरी करा, ड्रेनेजची लाईन जोडल्याशिवाय आणि रस्ता शेजारच्या लेआउटला मिळाल्याशिवाय प्लॉटची विक्री नोंदवूच नका. आणि हा नियम हद्दीच्या आत आणि बाहेर सारखाच लावा, नाहीतर सगळे परत दोन किलोमीटर पुढे सरकतील.

आपला,
एक नियमित वाचक